धान्यातली कीड पकडायची स्टीलची नळी आणि हवाबंद पिशवी, वर्षभर वापरून मगच लिहितेय

आधीच सांगून टाकते, नळीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, पिशवीला चार आणि पहिल्या दोन पिशव्या ज्या दुकानातून घेतल्या त्या दुकानाला एक. हे सविस्तर लिहितेय कारण घ्यायच्या आधी मी स्वतः मराठीत कुणी वापरून लिहिलंय का म्हणून खूप शोधलं होतं, आणि जे सापडलं ते सगळं विकणाऱ्यांनीच लिहिलेलं.

आमचं घर नाशिकला पंचवटीत, हिरावाडीला. घरूनच पोळी-भाजीचे डबे जातात, रोजचे तीस-पस्तीस, त्यामुळे वर्षाला दहा क्विंटल गहू लागतो आणि तो आम्ही सीझनलाच भरतो. गहू माझ्या भावाकडून येतो, दादाची शेती निफाडला आहे. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली त्र्यंबक नाहीतर तपोवन जात असते, पोळी छान मऊ होते आणि डब्यात दुपारपर्यंत तशीच राहते, त्यामुळे बाजारातला दुसरा गहू मी सहसा घेतच नाही. एप्रिलमध्ये पोती आली की गच्चीवर ताडपत्री टाकून तीन दिवस कडक ऊन द्यायचं, चाळायचं, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं, सासूबाईंनी जसं शिकवलं तसंच मी करत आले.

आणि तरीसुद्धा परवाच्या वर्षी श्रावणात एक अख्खी कोठी गेली. अडीच क्विंटल. वरचा गहू एकदम चांगला दिसत होता, मी परातीत काढायला हात घातला तर कोपरापर्यंत आत गेल्यावर गहू कोमट लागला. बाहेर पाऊस, घरात गारवा आणि कोठीच्या पोटात ऊब. मला आधी कळलंच नाही काय ते. मग खालचा गहू काढला तर दाणे हलके, बोटाने दाबले की पिचणारे, प्रत्येकाला एक गोल भोक आणि सगळीकडे टोके, म्हणजे सोंडेवाले किडे, चालतायत. ती ऊब किड्यांचीच असते, हजारो किडे एका जागी श्वास घेतात, खातात, तेव्हा धान्य आतून तापतं आणि ओलही धरतं. पाखडून, ऊन देऊन थोडा गहू वाचवायचा प्रयत्न केला पण पिठाला वास येत होता, लोकांच्या डब्यात असली पोळी घालायची नाही म्हणून जवळपास सगळा गहू कोंबड्यांना दिला. त्या दिवशी मी रडले हे खरं सांगते, दादाने रात्री उठून पाणी भरलेला गहू होता तो.

सगळं नीट करूनही असं का झालं हे तेव्हा मी समजून घेतलं आणि ते इथे सांगते, कारण ते कळल्याशिवाय या नळीचा उपयोगच लक्षात येत नाही. हा सोंडेवाला किडा, आपण टोका म्हणतो तो, त्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्राव लावून भोक बुजवून टाकते. अशी ती आयुष्यात काही शे अंडी घालते. अळी दाण्याच्या आतच खाते, आतच कोषात जाते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभराने नवा किडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे तो महिनाभर तुम्ही गहू हातात घेऊन बघितला, चाळला, निवडला तरी काही दिसणार नाही, दाणा बाहेरून एकदम साबूत. आपल्या डोळ्याला किडे दिसायला लागतात तेव्हा दुसरी नाहीतर तिसरी पिढी चालू असते.

तर आता नळी. दादाच्या ओळखीतल्या एका कृषी सहायकांनी हिच्याबद्दल सांगितलं. याला प्रोब ट्रॅप म्हणतात, कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने तयार केलेला प्रकार आहे आणि आता बरेच जण बनवून विकतात. दिसायला काहीच विशेष नाही, हातभरापेक्षा कमी लांबीची स्टीलची नळी, अंगभर सारख्या अंतरावर २ मिलिमीटरची भोकं आणि खाली एक निमुळता कोन, तो फिरवून काढता येतो. धान्यात उभी खुपसायची, वरचं टोपण धान्याच्या पातळीला आलं पाहिजे, बस. औषध नाही, वास नाही, आमिष म्हणूनही आत काही ठेवायचं नाही. धान्यातला किडा मोकळ्या हवेच्या दिशेने सरकत असतो, त्याला ते भोक म्हणजे हवेची जागा वाटते, तो आत शिरतो आणि खाली कोनात पडतो. कोन गुळगुळीत असतो त्यामुळे चढून परत येता येत नाही. गव्हाचा दाणा त्या भोकातून जात नाही पण किडा जातो, एवढंच त्याचं सगळं गणित आहे.

मी चार नळ्या मागवल्या, प्रत्येक कोठीत दोन. दर सोमवारी सकाळी डब्यांचं काम सुरू व्हायच्या आधी नळी काढते, कोन उघडून पांढऱ्या ताटलीत झटकते. पहिले सात आठवडे फक्त भुसा आणि गव्हाची पूड. जूनच्या मध्यावर, पाऊस नुकताच सुरू झालेला, ताटलीत दोन तपकिरी ठिपके पडले. मी कचराच समजले असते, पण पोराचं भिंग होतं ते आणून बघितलं तर सोंड स्पष्ट दिसत होती आणि पाठीवर चार फिकट तांबूस डाग. काडीने हलवलं तर पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहिला आणि मिनिटभराने हळूच चालायला लागला. अडीच क्विंटलच्या कोठीतले दोन किडे! हे हाताने कधीच सापडले नसते. पुढच्या सोमवारी त्याच कोठीत सात आले, दुसऱ्या कोठीत एकही नाही. मग उघडीप मिळाल्याबरोबर त्या एकाच कोठीतला गहू गच्चीवर काढला, चाळला, दोन दिवस ऊन दिलं, कोठी आतून पुसून वाळवून परत भरली. एक दिवस डबे बंद ठेवावे लागले, पण गहू पूर्ण वाचला, एक किलोसुद्धा फेकला नाही. साडेचार तारे त्यासाठीच आहेत.

अर्धा तारा का कापला तेही सांगते. एक तर विद्यापीठाच्या सांगण्याप्रमाणे २५ किलोच्या डब्याला दोन-तीन नळ्या लागतात, तेवढ्या लावल्या तर त्या नुसता पत्ताच देत नाहीत, किडेही वेचून काढतात. माझ्यासारखीला मोठ्या कोठीत दोन म्हणजे फक्त सूचना देणारी घंटा आहे, कीड ती संपवत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. दुसरं म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा किती खाली जातो माहितीये, निफाडला तर विचारूच नका, तेव्हा किडा हलतच नाही आणि नळी रिकामी येते. रिकामी आली म्हणजे कीड नाही असं धरून चालू नका, फेब्रुवारीत ऊन वाढलं की परत बघायला सुरुवात करा. आणि तांदळात ज्या जाळ्या होतात, दाणे एकमेकांना चिकटलेले गोळे दिसतात, ते पतंगाच्या अळीचं काम, त्याच्यासाठी ही नळी मला तरी उपयोगाची वाटली नाही. इगतपुरीहून आलेला इंद्रायणी मी अजूनही दर पंधरा दिवसांनी हात फिरवूनच बघते.

कडधान्याला वेगळी नळी मिळते, टू-इन-वन म्हणतात, तिला वरच्या बाजूलाही भोकं असतात कारण कडधान्याचा भुंगेरा धान्याच्या पृष्ठभागावर फिरत असतो, तो वरूनच आत पडतो. ही मी एकच घेतली, चवळी आणि मटकीच्या डब्यात आलटून पालटून ठेवते. या भुंगेऱ्याची गोष्ट वेगळीच आहे, मोठा झालेला किडा धान्य खातच नाही, फक्त अंडी घालतो आणि काही दिवसांत मरतो, खाते ती आतली अळी. चवळीच्या दाण्यावर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात ना, खरवडले तरी लवकर न निघणारे, ती अंडी. आणि ही कीड बऱ्याचदा शेतातूनच सोबत येते, पक्व शेंगेवरच अंडी घातलेली असतात, त्यामुळे किराणावाल्याला शिव्या द्यायच्या आधी हे लक्षात ठेवा. आमच्या सासूबाई तुरीला आणि हरभऱ्याला एरंडेल चोळायच्या, ते अगदी बरोबर होतं, तेलाच्या थरामुळे अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं. किलोला चमचाभर तेल पुरतं. मला आधी ते जुन्या लोकांचं काहीतरी वाटायचं, आता मी स्वतः लावते.

आता पिशवीचं. ही तीन थरांची असते, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं आणि आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक. धान्य भरायचं, हवा दाबून काढायची, आतली पिशवी पिळून दोरीने बांधायची, ते तोंड दुमडून परत बांधायचं, मग दुसरी तशीच, मग पोतं. ही कल्पना अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीसाठी काढली, तिथल्या छोट्या शेतकऱ्यांची चवळी याच भुंगेऱ्याने जात होती म्हणून. आत जे काही किडे असतील ते आतलाच ऑक्सिजन वापरून संपवतात. मला वाटायचं ते लगेच गुदमरून मरतात, पण त्यांच्या संशोधनात वेगळंच निघालं. कोरड्या धान्यात या किड्यांना प्यायला पाणी नसतंच, ते खाल्लेल्या अन्नातून आणि ऑक्सिजनमधून शरीरातच पाणी तयार करतात. ऑक्सिजन कमी झाला की आधी खाणं थांबतं, मग पाणी बनणं थांबतं आणि किडा वाळून मरतो. मला हे वाचून फार छान वाटलं, एकही विषारी गोष्ट न वापरता त्यांनी किड्याच्याच श्वासाचा उपयोग करून घेतलाय.

पिशवीत धान्य पूर्ण वाळलेलंच हवं, यात अजिबात तडजोड नको. गहू १२ टक्के ओलाव्याच्या आत आणि कडधान्य त्याहूनही कोरडं. ओला माल हवाबंद केला तर किडीऐवजी बुरशी लागेल, आणि बुरशीचं विष पोळीतून जाणार आपल्याच पोटात. माझ्याकडे मीटर नाही, मी दोन गोष्टी करते. दाणा दाताखाली धरायचा, कट् असा आवाज येऊन तुटला पाहिजे, चेपला तर परत उन्हात. आणि दुसरी युक्ती मिठाची, काचेची कोरडी बाटली घ्यायची, त्यात एक भाग खडखडीत कोरडं मीठ आणि तीन भाग धान्य, झाकण लावून नीट हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं, मीठ काचेला चिकटलं तर धान्यात साधारण १५ टक्क्यांच्या वर ओल आहे. म्हणजे मीठ चिकटलं नाही तर १२ झालं असं नाही, फक्त फार ओलं नाही एवढंच कळतं, म्हणून दातानेही बघायचंच.

पहिल्या दोन पिशव्या मी रविवार कारंजाच्या बाजूला एका दुकानातून घेतल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये, पण अनुभव लिहिणारच. घरी आल्यावर एक आतली पिशवी फुग्यासारखी हवेने भरून, तोंड पिळून, गालाजवळ धरून दाबून बघितली तर शिवणीजवळ बारीक फुस्स्. सुईच्या टोकाएवढं भोक. तेवढं भोक म्हणजे हवाबंद हा शब्दच संपला. परत घेऊन गेले तर म्हणे ताई, एवढं चालतं, चिकटपट्टी लावा. बदलून दिली नाही, पैसे परत नाहीत, आणि वर काउंटरखालून कागदाच्या पुडीत चार गोळ्या काढून दिल्या, या टाका कोठीत, पिशवीची गरजच नाही, सगळे हेच करतात म्हणे.

त्या गोळ्यांबद्दल मला कळकळीने लिहायचंय. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतली आणि धान्यातली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो, किडा मरतो हे खरं पण माणूसही मरतो, आणि त्याच्यावर उतारा नाही. वायू आहे तो, कोठीत ठेवला म्हणून कोठीत राहत नाही, दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या पोरापर्यंत जातो. आपल्याकडे या औषधाची विक्री सरकारी यंत्रणा आणि परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरतीच ठेवलेली आहे, तीन ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे, आणि इथे ती पुडीत बांधून घरच्या बाईच्या हातात देतात. गोदामात ताडपत्रीखाली, शिकलेल्या माणसाने, मोजून, सील करून वापरायची ती गोष्ट. प्लीज कुणीही घरात वापरू नका, कुणी फुकट दिली तरी नको. मी पुडीला हात न लावता तशीच निघून आले, आणि त्या दुकानाला तो एक तारासुद्धा फॉर्ममध्ये शून्य टाकता येत नाही म्हणून आहे. पाऱ्याच्या म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्याही मी बंद केल्यात, खायच्या धान्यात पारा कशाला. तांदळाला बोरिक पावडर लावायचीही पद्धत आहे, ती चार-चार पाण्याने धुतली तरी मला समाधान वाटत नाही.

नंतरच्या दहा पिशव्या दादाने त्यांच्या शेतकरी गटातून एकत्र मागवल्या, त्या सगळ्या चांगल्या निघाल्या, प्रत्येक मी फुगवून गालाजवळ धरून तपासली. एकटीने ५० किलोची पिशवी भरून पिळून बांधणं सोपं नाही, दोन माणसं हवीतच, आमचे हे धरतात आणि मी बांधते. पाच क्विंटल गहू दहा पिशव्यांत आणि पाच क्विंटल कोठ्यांत, आधी कोठीतला वापरायचा, पिशव्यांना दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. सारखी उघडबंद केली की नवीन हवा आत जाते आणि सगळं फुकट जातं, त्यामुळे रोज दोन-चार किलो काढणाऱ्यांनी छोट्या पिशव्या घ्या. चारच तारे का, तर उंदीर. एका पिशवीचा खालचा कोपरा उंदराने कुरतडला, तिन्ही थर गेले, आणि त्या एकाच पिशवीत नंतर टोके सापडले. बाकी नऊ पिशव्या दिवाळीनंतर एकेक करून उघडल्या, गहू एप्रिलमध्ये भरला तसाच, वासही ताज्या गव्हाचा. आता पिशव्या जमिनीवर आणि भिंतीला लागून ठेवत नाही, लाकडी फळीवर मध्यभागी ठेवते आणि सापळा लावते.

खर्च विचाराल तर माझ्या चार नळ्या, टू-इन-वन आणि सगळ्या पिशव्या मिळून जेवढे पैसे गेले त्यापेक्षा जास्त किमतीचा गहू त्या श्रावणात कोंबड्यांनी खाल्ला होता. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेचा २०१५चा अभ्यास आहे, देशात तृणधान्याचं काढणीपासून साठवणीपर्यंत मिळून ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्याचं ६.३६ ते ८.४१ टक्के नुकसान होतं असं त्यात आहे. टक्क्यांत वाचलं की कमी वाटतं. ज्याच्या घरची कोठी जाते त्याची ती शंभर टक्के गेलेली असते.

नळी घेताना दोन गोष्टी बघा. कोन घट्ट बसतो का ते बघा, माझ्या चारपैकी एकीचा ढिला होता आणि नळी ओढली की कोन गव्हातच राहायचा, मी आट्यांवर दोरा गुंडाळून काम चालवलंय. आणि भोकांच्या कडा बोटाने तपासा, आतल्या बाजूला धातूची कूस राहिलेली नको, त्याला धरून किडा वर चढू शकतो. प्लास्टिकच्याही मिळतात, स्वस्त आहेत, पण मी स्टीलचीच घ्या म्हणेन, गरम पाण्याने धुता येते आणि खायच्या धान्यात ठेवायची वस्तू आहे.

यंदा एप्रिलमध्ये दादाने हरभऱ्याचं बियाणंसुद्धा अशाच दोन पिशव्यांत भरलं. दरवर्षी पेरणीपर्यंत त्याचं निम्मं बियाणं भुंगेऱ्याने पोकळ व्हायचं आणि तो विकत आणायचा. परवा त्याने पिशवी उघडून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, चौथ्या दिवशी सकाळी सातलाच फोन, "ताई, एक्याण्णव उगवले. तुझ्या त्या नळ्या कुठून मागवल्यास, मला सहा पाहिजेत."

मी त्याला स्टीलच्याच घ्यायला सांगितलंय आणि कोन फिरवून बघून घ्यायला.